एक वाईट आकडा

"पण बाई, माझ्यात कमी काय आहे, ते तरी सांगा..."

मार्थाबाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवरच्या टॉवेलवर एका म्हाताऱ्याचा पाय होता आणि त्या त्याची नखं कापत होत्या. नख सरळ कापावं, कोपऱ्यात खोल जाऊ नये, असलं काही त्या म्हाताऱ्याला सांगत नव्हत्या. नुसत्या कापत होत्या आणि म्हातारा बघत होता.

"आकडे," त्या म्हणाल्या.

"कुणाचे?"

"तुझ्या पेशंटांचे."

"सगळे चांगले आहेत, बाई. एकूण एक."

"हो."

"मग?"

"सगळेच चांगले आहेत," मार्थाबाई म्हणाल्या आणि त्यांनी म्हाताऱ्याचा दुसरा पाय मांडीवर घेतला.

शाल्मली वझे तशीच पुढ्यात उभी राहिली. ती ठाण्याची. आहारशास्त्रात एम. एस्सी., आणि डायबेटिस एज्युकेटरच्या लेखी परीक्षेत तिच्या तुकडीत पहिली आलेली. पण नुसत्या लेखी परीक्षेनं ते प्रमाणपत्र मिळत नाही. एखाद्या जुन्याजाणत्या एज्युकेटरच्या हाताखाली वर्षभर काम करावं लागतं, आणि शेवटी त्या माणसानं सही करून सांगावं लागतं, की हिच्या हाती पेशंट सोपवायला हरकत नाही.

त्यासाठी ती मिरजेजवळच्या या ट्रस्टच्या दवाखान्यात आली होती. मार्था रणनवरे हे नाव तिला पुण्यातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी सुचवलं होतं. "त्या बाईंची सही आण, नोकरी माझ्याकडे पक्की," असं ते म्हणाले होते. वर्ष सरलं होतं. कागद महिनाअखेरपर्यंत पोचायला हवे होते, नाहीतर पुन्हा वर्षभर थांबायचं आणि पुण्याची जागा दुसऱ्या कुणाला जायची.

आणि बाई सही करत नव्हत्या.

म्हातारा चपला घालून गेला. मार्थाबाईंनी टॉवेल झटकला, हात धुतले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा अजून उतरला नव्हता. दोन्ही डोळ्यांसाठी घेतलेली काही महिन्यांची रजा संपवून त्या त्या सोमवारीच परत आल्या होत्या. त्या नव्हत्या तेव्हा दवाखान्यातला मधुमेहाचा विभाग शाल्मलीनं एकटीनं चालवला होता, आणि कसा चालवला होता हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं.

"बाई, मी उगाच मोठेपणा सांगत नाही," ती म्हणाली. "पण मी आले तेव्हा इथल्या लोकांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं. मी तक्ते केले. वेळा ठरवून दिल्या. दर महिन्याला सत्कार सुरू केला. ज्याची शुगर सगळ्यांत चांगली, त्याला शाल आणि नारळ. लोक आता मन लावून करतात."

"दिसतंय."

"मग?"

मार्थाबाईंनी टॉवेल घडी करून खिडकीत ठेवला.

"एक वाईट आकडा आण," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझ्या पेशंटांपैकी कुणीतरी आपणहून दिलेला. एकच आण. मग सही करते."

---

शाल्मली खोलीबाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. म्हातारीला कुणी पुढं गेलेलं बघवत नाही, दुसरं काय! इतकी वर्षं इथं बसून बाईंनी लोकांची नखं कापली. नखं कापून कुणाची शुगर उतरते का?

तिला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं होतं. बाईंबद्दल तिच्या मनात आदर होता. त्यांनी एकदा तरी शाबासकी द्यावी, असं तिला वर्षभर वाटत आलं होतं. ती पुऱ्या गावाच्या पाठीवर थाप मारत होती आणि तिच्या पाठीवर कुणी मारत नव्हतं.

पण सही हवी होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनाशी म्हणत ती कामाला लागली.

तपासणीला येणाऱ्या प्रत्येकाला तिनं विचारलं.

"काका, मध्ये कधी शुगर वाढली होती का हो?"

"छे छे, मॅडम. तुम्ही सांगितल्यापास्नं एकदम ओके."

"मावशी, एखादा दिवस तरी चुकला असेल?"

"न्हाई बाई! एक दिस चुकला असंल तर शप्पत."

एका निवृत्त कंडक्टरनं तर हात जोडले. म्हणाला, "मॅडम, तुमच्या तोंडाकडं बगून तरी आम्ही वाईट कसं वागू?"

तिला बरं वाटलं. मंगळवार गेला, बुधवार गेला, आणि नकारागणिक ती जरा ताठ होत गेली. बुधवारी संध्याकाळी ती मार्थाबाईंपुढं उभी राहिली तेव्हा हरल्यासारखी दिसत नव्हती.

"नाही मिळाला, बाई."

"विचारलंस?"

"सगळ्यांना."

"ते नाही म्हणाले, तेव्हा तुला काय वाटलं?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"आनंद झाला."

"तो त्यांना दिसला असेल," मार्थाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी पेशंटांच्या आकड्यांची वही मिटून कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि जाता जाता म्हणाल्या, "भूपाल आण्णांना उद्या बोलाव. मशीन घेऊन यायला सांग. आणि बायकोलाही आण म्हणावं."

शाल्मलीचा चेहरा खुलला. बाईंनी नेमकं तिचं हुकमी पान मागितलं होतं.

---

भूपाल आण्णा मगदूम हे पंचक्रोशीतले नावाजलेले गुळव्ये. गुऱ्हाळात काहिलीजवळ उभं राहून रस कधी उतरवायचा, हे त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. दोन पिढ्या त्यांच्या हातचा गूळ खात होत्या. अशा माणसाला मधुमेह व्हावा, यावर गावात जे काही विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेले होते.

शाल्मलीनं त्यांना हाती घेतलं आणि महिनाभरात त्यांचे आकडे धुतल्या तांदळासारखे झाले. पहिला सत्कार त्यांचाच. शाल घातलेला त्यांचा फोटो दवाखान्याच्या भिंतीवर लागला. गावच्या तरुण मंडळानं तर एस.टी. स्टँडजवळ मोठा फ्लेक्स लावला. वर आण्णांचा हात जोडलेला फोटो आणि खाली लाल अक्षरांत, 'गुळव्याने साखर जिंकली!' फ्लेक्सच्या खालच्या कडेला शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो होतेच. आपल्याकडं माणूस एकदा फ्लेक्सवर चढला की त्याला खाली उतरायला जिना नसतो.

गुरुवारी सकाळी आण्णा आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा. मागून पद्मक्का, त्यांच्या पत्नी, पदरात हात गुंडाळून.

"या आण्णा," शाल्मली म्हणाली. "बाईंना तुमचे आकडे दाखवायचेत."

आण्णांनी खिशातून शुगर तपासायचं मशीन काढून टेबलावर ठेवलं. शाल्मलीनं बटण दाबत एकेक आकडा मोठ्यानं वाचला. एकशे बारा. एकशे चार. एकशे अठरा. उपाशीपोटीचा तसाच आणि जेवणानंतरचाही जवळजवळ तसाच.

"बघा ना, बाई! यांच्यावरूनच मी डॉक्टरांना म्हटलं की सकाळचा इन्सुलिनचा डोस कमी करता येईल. त्यांनी केलाही."

मार्थाबाईंनी मशीनकडं पाहिलं नाही.

त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या... पण आण्णांसमोर नाही. पद्मक्कांसमोर.

"हात बघू, अक्का."

पद्मक्कांनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं जमिनीकडं.

मार्थाबाईंनी पदर बाजूला सारून तो हात आपल्या हातात घेतला आणि उलटा केला. एकेक बोट हळूच उघडलं. बोटांच्या टोकांना, नखांच्या कडेनं, बारीक काळे ठिपके होते. जुन्यावर नवे आणि नव्यावर आणखी नवे. मार्थाबाईंनी दुसरा हात घेतला. तोही तसाच होता.

मार्थाबाईंनी फडताळातली खोबरेल तेलाची बाटली घेतली, तळहातावर थेंबभर ओतलं आणि पद्मक्कांच्या दहाही बोटांना हलक्या हातानं चोळलं. मग ते हात त्यांच्या मांडीवर परत ठेवले, उठल्या, आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं.

---

शाल्मलीला आधी काही कळेना. मग तिची नजर आण्णांच्या हातांवर गेली. जाड बोटं, रस उडून भाजल्याचे जुने डाग. सुईचा एकही ताजा ठिपका नाही.

तिला सगळं एकदम कळलं.

आधी आला तो संताप. फसवलं! इतक्या लोकांसमोर मी याला शाल घातली, आणि यानं बायकोचं रक्त मोजून मला आकडे दाखवले! तिनं बोलायला तोंड उघडलं. पुष्कळ काही ओठांवर आलं होतं.

आणि तेवढ्यात तिला डोस आठवला. या आकड्यांवर विश्वास ठेवून तिनं या माणसाचं औषध कमी करायला लावलं होतं.

तोंड उघडं होतं ते तिनं मिटलं. वर्षभरात पहिल्यांदाच ती पेशंटसमोर काही न बोलता बसली.

"मीच म्हटलं त्यास्नी," पद्मक्का म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की शाल्मलीला पुढं वाकावं लागलं. "माजं बोट घ्या म्हटलं. हे नको म्हणत हुते. मीच."

"तिचं काय ऐकू नगा मॅडम," आण्णा म्हणाले. "चूक माजी हाय."

शाल्मलीला माहीत असलेलं एकही वाक्य इथं उपयोगाचं नव्हतं.

"सत्काराच्या वक्ताला खरे हुते आकडे," आण्णा सांगू लागले. "देवाशपथ खरे हुते. मागनं बिघडलं. आता उद्या सांगू, परवा सांगू, असं करत ऱ्हायलो. तवर पोरांनी त्यो फ्लेक्स लावला. येता-जाता लोक हात जोडायला लागले. जावई फोटो काढून घिऊन गेला... कुठल्या तोंडानं सांगायचं हुतं?"

"शाल परत करू या म्हणाले एकदा," पद्मक्का म्हणाल्या. "घडी घालून पिशवीत भरून ठेवलीया. आणायचं धाडस झालं न्हाई."

शाल्मलीनं खुर्ची पुढं ओढली.

"बिघडलं कशानं, आण्णा?"

"इंजेक्शन सोडलं. रातचं."

"का?"

आण्णांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

शाल्मली मागे कुणाला असं विचारायची तेव्हा उत्तर यायच्या आत तिचं पुढचं वाक्य सुरू व्हायचं. आज ती थांबली. आणि थांबता थांबता तिला एक प्रश्न सुचला. तो इतका साधा होता, की वर्षभर तो आपल्याला का सुचला नाही याचीच तिला लाज वाटली.

"आण्णा, तुम्ही रात्री जेवता किती वाजता?"

"रात्री?" आण्णांनी वर पाहिलं. "रात्री न्हाई जेवत, मॅडम. आम्ही जैन माणसं. दिवस बुडायच्या आत जेवायचं. मग पानीसुद्दा न्हाई."

"पण मी तर... आठ वाजता लिहिलं होतं. इंजेक्शन, आणि अर्ध्या तासानं जेवण."

"व्हय. म्हणून इंजेक्शन आठला घ्यायचो. तुम्ही लिवलं हुतं न्हवं? आणि जेवण आधीच झाल्यालं असायचं."

शाल्मलीनं डोळे मिटले. पुढचं तिला न सांगता कळत होतं, पण तिनं सांगू दिलं.

"झोपलं की घाम फुटायचा. थरथर सुटायची. जीभ जड. एकदा हिनं हाक मारली तर मला हिचं नाव आठवंना. मग हिनं साखरेचं पानी पाजलं. शुद्धीवर आलो... आणि रडलो बगा. लहानपणापास्नं रातीचं तोंडात काय घातलं नव्हतं. नेम मोडला. दुसऱ्यांदा पुन्ना तसंच झालं. तिसऱ्यांदा म्हटलं, नेमही ऱ्हावा आणि जीवही ऱ्हावा. सुई बंद केली."

"मला का नाही सांगितलंत?"

आण्णांना हा प्रश्न अवघड गेला. त्यांनी बायकोकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं.

"तुम्ही इचारलं न्हाई," ते शेवटी म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "आणि तुमास्नी किती आनंद व्हायचा आकडे बगून."

या दवाखान्यापासून अर्ध्या कोसावर जैनांची बस्ती, म्हणजे मंदिर, होती. तिच्या शिखराचा कळस शाल्मलीच्या खिडकीतून दिसायचा. गावात निम्मी घरं दिवेलागणीच्या आत जेवून उठतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. तिनं मात्र ठाण्याहून आणलेला एकच तक्ता सगळ्यांना वाटला आणि उंटावरून शेळ्या हाकत राहिली. हे तिचं तिलाच तेव्हा कळलं, आणि ते कुणी सांगण्यापेक्षा फार वाईट लागलं.

आण्णांनी आपणहून उजवा हात पुढं केला. मधलं बोट ताठ केलं.

"घ्या," ते म्हणाले. "आता खरं बगू या."

तिनं स्पिरिटचा बोळा फिरवला. सुई टोचली. रक्ताचा थेंब पट्टीनं ओढून घेतला आणि तिघंही त्या छोट्या पडद्याकडं बघत राहिली.

तीनशे सत्त्याऐंशी.

पद्मक्कांनी तोंडाला पदर लावला.

"रागावला, मॅडम?" आण्णांनी विचारलं.

शाल्मलीनं नाही म्हणून मान हलवली. नजर चुकवायला तिनं खाली पाहिलं, आणि तेव्हा तिला आण्णांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी दिसली.

"हे काय?"

"कायबी न्हाई. काहिलीतला रस उडला असंल. भाजलं तवा कळलंच न्हाई. अंथरुणाला डाग लागला म्हणून हिनं बगितलं."

"कधी?"

"झालं की पंदरा-ईस दिस."

शाल्मली खुर्चीवरून उठली आणि खाली फरशीवर बसली. आण्णा पाय मागं घेऊ लागले, "अवो मॅडम, पायाला हात नगा लावू," म्हणू लागले. तिनं ऐकलं नाही. पाय मांडीवर घेतला आणि चिंधी सोडवली. शेवटचा पदर चिकटला होता. तो तिनं पाण्यानं भिजवून हळूहळू सुटा केला.

अंगठ्याचं टोक काळं पडलं होतं. वास येत होता. ती दाबून बघत होती आणि आण्णांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. दुखतच नव्हतं त्यांना.

तिनं डॉक्टरांना हाक मारली. तिच्या आवाजानं बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

---

डॉक्टरांनी आण्णांना दाखल करून घेतलं. अंगठा वाचेल की जाईल ते इतक्यात सांगता येणार नाही, म्हणाले. आधी शुगर खाली आणू, मग बघू.

शाल्मली दिवसभर तिथंच थांबली. काय घडलं आणि डोस कुणामुळे कमी झाला, हे तिनं डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं. सांगताना एक शब्द गाळला नाही. दुपारी तिनं पद्मक्कांना जेवायला लावलं, आणि आण्णांचं जेवण दिवस मावळायच्या आत येईल अशी स्वयंपाकघरात जाऊन व्यवस्था केली. संध्याकाळचं इन्सुलिन त्या जेवणाच्या आधी द्यायचं ठरलं.

खाटेवर पडल्या पडल्या आण्णांनी तिला जवळ बोलावलं.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा ना."

"भिंतीवरचा फोटो... आजच काडणार काय?"

तिनं त्यांची चादर नीट केली आणि ती बाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता. तिथं तोंड धुण्याचं निमित्त करून ती बराच वेळ रडली.

मग ती मार्थाबाईंच्या खोलीत गेली.

बाई चष्मा काढून डोळ्यांत थेंब घालून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. चाहूल लागली तरी त्यांनी ते उघडले नाहीत.

"आणलास?"

"हो."

"किती?"

"तीनशे सत्त्याऐंशी."

"कुणी दिला?"

"आण्णांनी. त्यांनीच हात पुढं केला."

"तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही... जेवता किती वाजता, एवढंच विचारलं."

मार्थाबाईंनी डोळे उघडले. औषधानं ते ओले झाले होते.

"कागद दे."

शाल्मलीनं कागद काढला नाही. ती दाराशीच उभी होती.

"नको, बाई. आज नको. त्यांचा अंगठा गेला तर तो माझ्यामुळं जाईल. मी लायक नाही या कामाला."

"सोमवारी होतीस?"

"...वाटत होतं तसं."

"सोमवारी मी सही केली नाही," मार्थाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हात पुढं केला.

तो हात तसाच राहिला. शेवटी शाल्मली पुढं आली, पिशवीतून कागद काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. बाईंनी चष्मा लावला, कागद डोळ्यांजवळ नेला, जागा शोधली आणि सावकाश, एकेक अक्षर गिरवत सही केली. खाली तारीख घातली. कागद परत दिला.

शाल्मलीनं तो घेतला. सहीकडं पाहिलं. ज्यासाठी वर्ष काढलं ते हातात होतं आणि तिला आनंद म्हणून होत नव्हता.

"बाई, मला अजून कळत नाही, तुम्ही आज सही का..."

मार्थाबाई उठल्या. आण्णांच्या वॉर्डाकडं जायला निघाल्या. तेलाची बाटली त्यांनी हातात घेतली होती.

"या महिन्याचा सत्कार कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या गुरुवारी. पण तो मी बंद करतेय. फोटो, शाल, सगळं."

"कशाला? लोक येणार आहेत. कर."

"कुणाचा करू?"

मार्थाबाई दारात थांबल्या.

"ज्याचा आकडा सगळ्यांत वाईट येईल, त्याचा."